गलबत टोरांटोला जात नाही

आमच्या गिरगावातल्या घराच्या बाहेरच्या खोलीत एक तैलचित्र होतं. साधारण तीन फूट रुंद, दोन फूट उंच. उधाणलेला समुद्र, एका अंगाला कललेलं तीन डोलकाठ्यांचं जहाज, वर पिवळट-तपकिरी आभाळ. आजोबा फोर्टमधल्या एका पारशी पेढीत कारकून होते. पेढी बंद झाली तेव्हा शेठजींनी ऑफिसातलं सामान माणसांना वाटून टाकलं, त्यात हे आजोबांच्या वाट्याला आलं. घरात सगळे त्याला 'गलबत' म्हणत. हे जहाज वाडियांनी, म्हणजे जहाजं बांधणाऱ्या त्या पारशी घराण्याने, मुंबईच्या गोदीत बांधलेलं आहे, असं आजोबा छातीठोकपणे सांगत. कागद मात्र एकही नव्हता.

हे चित्र दुरुस्त करून घेणं आणि मग टोरांटोला दादाकडे पाठवायची परवानगी मागणं, या दोन कामांत माझं वर्ष गेलं. कुणाच्या घरी असं जुनं तैलचित्र असेल तर काय काय वाटेत येतं ते कळावं म्हणून सगळं क्रमाने लिहितेय, पैशांच्या आकड्यांसकट.

जानेवारी २०२४ मध्ये पुनर्विकासाचं पक्कं झालं आणि मेअखेर जागा रिकामी करायची ठरली. चित्र भिंतीवरून उतरवलं तर मागे ओल, कॅनव्हासच्या पाठीवर पांढुरकी बुरशी आणि खालच्या कडेला रंगाच्या खपल्या उचललेल्या. उतरवताना काही जमिनीवर पडल्याच. आईने त्या चिमटीने उचलून औषधाच्या रिकाम्या डबीत ठेवल्या. कुणी न सांगता तिने हे केलं, आणि पुढे चित्र दुरुस्त करणाऱ्या संवर्धक बाईंनी सगळ्यात आधी कौतुक केलं ते याचं. पडलेली खपली जपून ठेवली तर बऱ्याचदा परत जागेवर बसवता येते. तेव्हा आधी केर काढू नका.

सुरुवातीला मी गेले एका फ्रेमवाल्याकडे. "ताई, पुसून, तेल लावून, वरून वॉर्निश मारून देतो. चार हजार. शनिवारी घेऊन जा." शनिवार ऐकूनच मी घाबरले. दीडेकशे वर्षांच्या मळाला हा माणूस तीन दिवस देत होता. नातेवाइकांच्या ग्रुपवर तर सल्ल्यांचा पूर आला: कापलेला बटाटा, कांदा, पावाचा तुकडा, बेबी ऑइल. यातलं काहीही करू नका. बटाट्याचा ओलावा रंगाच्या भेगांतून आत शिरतो आणि त्याचा स्टार्च बुरशीला आयतं जेवण होतो. तेल एकदा कॅनव्हासमध्ये मुरलं की ते काढणं महाकठीण.

मग फोनाफोनी. छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयाचं कलासंवर्धन केंद्र बाहेरची कामंही घेतं, हे मला तेव्हाच कळलं. शेवटी एका मैत्रिणीच्या ओळखीने एका खासगी संवर्धक बाईंकडे जायचं ठरलं. त्यांचा स्टुडिओ माटुंग्याला. फोनवरच त्यांनी बजावलं: चित्र आडवं ठेवून, रंगाची बाजू वर करूनच आणा. खपल्या सुटत असतील तर उभं धरायचं नाही. आणि बबलरॅप थेट रंगावर कधीच गुंडाळायचं नाही, उन्हाने-उकाड्याने त्याच्या फुग्यांचे गोल ठसे वॉर्निशवर उमटतात. आम्ही चारही बाजूंना थर्मोकोलच्या पट्ट्या लावून वर पुठ्ठ्याचं झाकण केलं, रंगाला काहीच टेकणार नाही असं. टेम्पोचे अठराशे रुपये. गिरगाव ते माटुंगा मी मागे चित्राशेजारी बसून गेले. सिग्नलला बाजूचा स्कूटरवाला डोकावून बघत होता, आत पेशंट आहे की काय.

बाईंनी त्या दिवशी चित्राला हातही लावला नाही, फक्त पाहिलं. आधी स्थिती-अहवाल, मग अंदाजपत्रक, मग काम, असा त्यांचा क्रम. अहवालाचे साडेचार हजार वेगळे. मला ते तेव्हा जड वाटले. आता कुणी विचारलं तर मी सांगेन, दुसरं काही परवडत नसेल तरी अहवाल तेवढा करून घ्या.

अहवालाच्या दिवशी मला बोलावलं होतं. खोलीत अंधार केला, एका बाजूने अगदी तिरपा दिवा धरला, आणि सपाट वाटणारं आमचं चित्र डोंगरदऱ्यांनी भरलं. कुठे कॅनव्हास फुगलाय, कुठे रंगाच्या पापडीच्या कडा वर वळल्यात, सगळं दिसत होतं. मग अतिनील दिवा. जुन्या नैसर्गिक राळेचं वॉर्निश त्या उजेडात हिरवट चमकतं. आमचं चित्र भुतासारखं हिरवं झालं आणि डाव्या कोपऱ्यात खाली तळहातापेक्षा मोठा काळा डाग उमटला. तिथे पूर्वी कधीतरी चित्र फाटलं होतं, आणि कुणीतरी ठिगळ लावून वरून रंगवलेलं होतं. मागून केलेली रंगदुरुस्ती अशी काळी दिसते. आमच्यापैकी कुणालाच याचा पत्ता नव्हता.

पाठीमागचा जुना खाकी कागद त्यांनी अलगद सोडवला तर कॅनव्हासवर शिक्का निघाला: लंडनचे रंगविक्रेते विन्सर अँड न्यूटन, रॅथबोन प्लेस. ही पेढी १८३२ मध्ये सुरू झाली, म्हणजे चित्र त्याच्या आधीचं नाही एवढं ठरलं. शिक्का पाहून मला कोण आनंद झाला! हा शिक्का पुढे आमचं काय करणार आहे, याची तेव्हा कल्पना नव्हती.

अंदाजपत्रक आलं मार्चमध्ये. दोन पर्याय होते. एक, जुन्या कॅनव्हासला मागून पूर्ण नवीन कॅनव्हास चिकटवायचा. त्याने मजबुती येते, पण शिक्का कायमचा झाकला जातो. दुसरा, मूळ कॅनव्हासमध्ये अजून जीव आहे तर फक्त कडांना नव्या कापडाच्या पट्ट्या जोडायच्या आणि फाटलेली जागा धाग्याला धागा जुळवून सांधायची. याला वेळ जास्त, मेहनत जास्त. बाईंचा कल दुसऱ्याकडे होता, मीही तेच निवडलं. बहात्तर हजार अधिक अठरा टक्के जीएसटी, म्हणजे ८४,९६० रुपये. निम्मे आगाऊ. दादाने अर्धा वाटा उचलायचं कबूल केलं, चित्र त्याच्याकडे जाणार या बोलीवर. करारात दोन गोष्टी मी आग्रहाने घालून घेतल्या: चित्र स्टुडिओत असेपर्यंत विमा कुणाचा, आणि प्रत्येक टप्प्याचे फोटो मला मिळणार. आधीची कामं रांगेत होती, त्यामुळे सुरुवात जूनमध्ये, चित्र दिवाळीच्या आसपास मिळणार असं ठरलं.

मधल्या वेळात चित्राचे फोटो मी शेजारच्या कॅप्टनकाकांना दाखवले. आयुष्य व्यापारी जहाजांवर गेलेले. त्यांनी मोबाइलवर फोटो मोठा केला आणि पहिला प्रश्न विचारला, वारा कुठून येतोय? मी आभाळाकडे, लाटांकडे बघत बसले. ते म्हणाले, झेंडा बघ, मग शिडं बघ. दोन्ही एकाच दिशेला ताणली असतील तर चित्रकाराला समुद्र कळतो. आमच्या चित्रात लाल झेंडा आणि शिडं दोन्ही उजवीकडे होती. एवढ्या वाऱ्यात वरची शिडं गुंडाळलेली, खालची थोडीच उघडी. वादळात सगळी शिडं फुलवून पळणारं जहाज दाखवलं असेल तर ते चित्र दिवाणखान्यासाठी काढलंय असं समज, ते म्हणाले. वाडियांचा विषय काढल्यावर मात्र त्यांनी मान हलवली. मधल्या चौकोनी शिडाचे दोन भाग केलेले दिसतात, खालचा आणि वरचा. ही पद्धत १८५०च्या दशकानंतर रुळली, कारण दोन लहान शिडं आवरायला कमी खलाशी लागतात. वाडियांची मोठी नावाजलेली जहाजं त्याआधीची: १८१७ची 'ट्रिंकोमली' आजही इंग्लंडमध्ये हार्टलपूलला तरंगते आहे, आणि 'एशिया' १८२७ मध्ये ग्रीसजवळच्या नवारिनोच्या लढाईत इंग्रजांची ध्वजनौका होती. शिवाय झेंडा इंग्रज व्यापारी जहाजांचा लाल, तोफांच्या खिडक्या कुठे दिसत नाहीत, म्हणजे साधं व्यापारी जहाज. आजोबांची गोष्ट कॅप्टनकाकांनी अशी पाच मिनिटांत निकालात काढली. आईला मी हे बरेच दिवस सांगितलं नाही.

त्या पावसाळ्यात मला सागरी चित्रांचं वेडच लागलं. त्यात भेटले डच चित्रकार बाप-लेक, दोघांचंही नाव विल्यम व्हॅन डी वेल्ड. इंग्लंडचा राजा दुसऱ्या चार्ल्सने त्यांना हॉलंडहून आणून ग्रिनिचच्या क्वीन्स हाउसमध्ये स्टुडिओ दिला. बाप लढाईच्या वेळी होडीत बसून जहाजं रेखाटायचा, मुलगा रंगात उतरवायचा. दोघांना वर्षाला शंभर शंभर पौंड. ग्रिनिचच्याच राष्ट्रीय सागरी संग्रहालयात डॉमिनिक सेरेस या चित्रकाराचं १७७१चं एक चित्र आहे, घेरियाच्या पाडावाचं. घेरिया म्हणजे आपला विजयदुर्ग. फेब्रुवारी १७५६, इंग्रज अ‍ॅडमिरल वॉटसनचं आरमार, आणि तुळाजी आंग्र्यांची जहाजं पेटलेली. स्क्रीनवर ते बघताना मला त्याच्या रंगांचं कौतुक करायचं सुचलंच नाही. आमचं आजोळ विजयदुर्गाच्या खाडीपल्याडचं, आणि इंग्रजांबरोबर त्या वेळी पेशवे होते हे शाळेत शिकलेलंही आठवत होतं. वादळाच्या चित्रात निदान जहाज बुडवणारा कुणी माणूस नसतो.

असो. जूनअखेर साफसफाई सुरू झाली. आधी सुटलेल्या खपल्या बसवल्या: भेगेत बारीक ब्रशने पातळ सरस सोडायचा, वर पातळ कागद ठेवून कोमट पात्याने हलकेच दाबायचं. मग वरचा मळ, म्हणजे गिरगावातली धूळ, उदबत्त्या आणि आजोबांच्या विड्या. तो पाण्यात भिजवलेल्या कापसाच्या बोळ्यांनीच निघाला, बोळे चहाच्या रंगाचे होत होते. त्यानंतर वॉर्निश. त्यासाठी निरनिराळी द्रावणं करून आधी कडेला नखाएवढे चौकोन साफ करतात, कुठलं द्रावण वॉर्निश काढतं पण रंगाला धक्का लावत नाही ते पाहायला.

जुलैत बाईंनी बोलावलं. आभाळाचा अर्धा भाग साफ झालेला होता आणि उरलेला अर्धा जुन्यासारखा. इतकी वर्षं जी आम्ही संध्याकाळ समजत होतो ती संध्याकाळ नव्हतीच. ते राखाडी, थंड, निळसर आभाळ होतं, आणि समुद्र हिरवट, शिशाच्या रंगाचा. उजव्या कडेला ढगात एक फट होती आणि तिच्यातून पडलेला उजेड नेमका एका लाटेच्या माथ्यावर. तिथे पांढरा रंग इतका जाड लावलेला होता की ब्रशच्या केसांच्या रेघा दिसत होत्या, आणि एका जागी ब्रश उचलताना ओढला गेलेला रंगाचा शेंडा तसाच वाळलेला होता.

मला ते आवडलं. आईला मुळीच नाही. फोटो पाहून ती म्हणाली, "हे आपलं नव्हे. हे कुणा परक्याच्या घरातलं वाटतं." दादाने टोरांटोहून लिहिलं की थोडा पिवळेपणा ठेवता येईल का. बाईंनी शांतपणे सांगितलं, ठेवता येतो, काही संवर्धक वॉर्निशचा पातळ थर मुद्दाम राखतात, पण सगळीकडे सारखा राखावा लागेल आणि निर्णय लेखी द्यावा लागेल. घरात तीन दिवस यावर वाद झाला. अखेर पूर्ण साफ करायचं ठरलं, आणि मी सही केली. तुमच्यावर ही वेळ आली तर घरच्यांना अर्धवट साफ झालेल्या अवस्थेतच एकदा प्रत्यक्ष नेऊन दाखवा. फोटोवर भांडण्यात अर्थ नाही. आईला मी ऑगस्टमध्ये नेलं तेव्हा ती लाटेसमोर बराच वेळ उभी राहिली आणि म्हणाली, "बरं."

डाव्या कोपऱ्यातल्या जुन्या दुरुस्तीखाली काय निघेल याची मला धाकधूक होती. जुन्या कारागिराने फाटलेल्या जागेपेक्षा कितीतरी मोठा भाग रंगवून टाकला होता, चांगल्या रंगावरूनसुद्धा. सूक्ष्मदर्शकाखाली स्काल्पेलने तो थर कणाकणाने काढला. खाली मूळ लाट बहुतेक शाबूत होती, खरा खड्डा रुपयाच्या नाण्याएवढा. आईच्या डबीतल्या दोन खपल्या तिथे आल्या नाहीत, पण खालच्या कडेला बसल्या. नवीन रंग फक्त त्या खड्ड्यापुरता लावला, तोही पुढे कुणाला काढायचा झाला तर सहज निघेल असा.

सप्टेंबरमध्ये परदेशी पाठवणीची चौकशी सुरू केली. कुरिअर एजंटने पहिल्याच फोनवर विचारलं, "एएसआयचं सर्टिफिकेट आहे का?" (एएसआय म्हणजे भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण.) तोपर्यंत मला वाटत होतं की प्रश्न फक्त पॅकिंगचा आणि कॅनडातल्या कस्टमचा आहे.

पुरावस्तू आणि कलानिधी कायदा, १९७२. त्यानुसार शंभर वर्षं किंवा त्याहून जुनं चित्र म्हणजे पुरावस्तू, आणि पुरावस्तू देशाबाहेर नेण्याची मुभा खासगी व्यक्तीला नाही. केंद्र सरकार किंवा त्याने नेमलेली संस्थाच नेऊ शकते. मोडलं तर सहा महिने ते तीन वर्षं कैद आणि दंड. वस्तू शंभर वर्षांच्या आतली असेल तर भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाकडून ती पुरावस्तू नसल्याचं प्रमाणपत्र घ्यायचं. माझा युक्तिवाद तयार होता: चित्र इंग्रजी, कॅनव्हास इंग्रजी, जहाजही इंग्रजी, मग भारताचा वारसा कसा? पण कायद्याच्या व्याख्येत वस्तू कुठे बनली हे विचारलेलंच नाही, फक्त वय विचारलंय. (शंभर वर्षांच्या आतलं चित्र असलं तरी चित्रकाराचं नाव बघा. रवि वर्मा, अमृता शेरगिल, जामिनी रॉय, नंदलाल बोस, निकोलस रोरिक, तिन्ही टागोर (रवींद्रनाथ, अवनींद्रनाथ, गगनेंद्रनाथ) आणि सैलोज मुखर्जी यांची चित्रं कलानिधी म्हणून जाहीर आहेत. तीही बाहेर जात नाहीत.)

सर्वेक्षणाच्या मुंबई मंडळाचं कार्यालय शीव किल्ल्यापाशी आहे. अर्ज, ओळखपत्र, चित्राचे पुढून-मागून फोटो, मापं आणि ते माझ्याकडे कसं आलं याचं निवेदन. मी संवर्धक बाईंचा अहवालही जोडला. लपवण्यासारखं काही नव्हतं, आणि लपवून उपयोगही नव्हता, कारण वस्तू तज्ज्ञांना प्रत्यक्ष दाखवावीच लागते. तज्ज्ञांची बैठक त्यांच्या ठरलेल्या दिवशी, त्यामुळे आधी फोन करून जा. माझ्या दोन चकरा नुसत्या तारीख विचारण्यात वाया गेल्या. कर्मचारी मात्र सौजन्याने वागले. एकाने तर चित्राचा फोटो बघून स्वतःहून सांगितलं, "मॅडम, आशा कमी ठेवा."

नोव्हेंबरमध्ये चित्र दाखवायला नेलं. दोघा तज्ज्ञांनी ते उलटं केलं आणि सरळ शिक्क्यापाशी गेले. मग शिडं, मग चौकटीच्या खुंट्या आणि खिळे. बाहेर बसून मला हसूही येत होतं आणि चिडचिडही होत होती. मागून पूर्ण कॅनव्हास चिकटवला असता तर तो शिक्का कुणाला दिसलाच नसता, आणि तो दिसावा म्हणून आम्ही जास्तीचे पैसे मोजले होते. अर्थात शिक्क्याशिवायही त्यांनी वय ओळखलंच असतं, एवढा त्यांचा हात बसलेला दिसत होता. डिसेंबरात उत्तर आलं: एकोणिसाव्या शतकाचा उत्तरार्ध, पुरावस्तू, निर्यातीस अपात्र.

दादाला फोन केला. तो थोडा वेळ गप्प बसला, मग विचारलं, "मग माझे बेचाळीस हजार?" मी म्हटलं परत देते, हप्त्याने. तो म्हणाला नको, वर्षातून एकदा येऊन बघेन, तिकीटभाडं त्यात धर.

चित्र जानेवारी २०२५ मध्ये आमच्या भाड्याच्या घरी आलं. फ्रेम जुनीच, तिची डागडुजी आठ हजार. सगळं धरून, टेम्पो आणि अहवालासह, लाखाच्या आसपास गेले. लावताना तीन गोष्टी बाईंनी सांगितल्या त्या इथे देते. बाहेरच्या भिंतीवर लावू नका, पावसाळ्यात ओल तिथूनच येते. फ्रेमच्या खालच्या कोपऱ्यांना मागून बुचाचे तुकडे चिकटवा, म्हणजे भिंत आणि चित्र यांच्यात हवा खेळते. आणि पुसायला कापड नको, मऊ कोरडा ब्रश, तोही कुठे खपली उचललेली नाही हे पाहूनच. एसीचा झोत आणि देवघराचा धूर दोन्हीपासून लांब, हे ओघाने आलंच.

एक काम अजून चालू आहे. चित्र पुरावस्तू ठरलं म्हटल्यावर नोंदणी अधिकाऱ्याकडे त्याची नोंदणी करायला हवी. बरेच जण या शब्दाला घाबरतात, पण नोंदणीने मालकी सरकारकडे जात नाही. चित्र घरातच राहतं, फक्त पुढे कुणाला दिलं-विकलं तर कळवावं लागतं. अर्जाला पुन्हा फोटो, पुन्हा मापं, पुन्हा आजोबांची पेढी. माझ्याकडे सगळ्याची एक जाड फाइल झालीय आणि तिच्या तीन स्कॅन प्रती. नोंदणी-प्रमाणपत्र अजून हातात आलेलं नाही. आलं की किती दिवस लागले ते खाली लिहीन. दादाचं डिसेंबरचं तिकीट झालंय.